शॉकअपची गळती : सील बदलण्यापूर्वी पाइप तपासा

छोट्या व्यापाऱ्याच्या धंद्यात आज मोटारसायकलला दुकानाइतकेच महत्त्व आले आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या भागांतून सकाळी कापडाचे गठ्ठे बांधून खेड्यापाड्याकडे निघणारे फेरीवाले पाहा. जाफर गेटच्या रविवारच्या आणि छावणीच्या गुरुवारच्या बाजारात माल मांडणारे पाहा. शिलाई मशीन दुरुस्त करणारे, वेल्डर, प्लंबर, बांगड्यांचे व्यापारी, सगळ्यांचे हत्यार आणि माल दुचाकीवरच असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा गल्ला रिकामा राहतो.

म्हणूनच हे वाहन चालवणाऱ्याने इंजिनाच्या आवाजाकडे जितके लक्ष द्यावे, तितकेच पुढच्या शॉकअपकडेही द्यावे. तिथे तेलाची एक ओली रेघ दिसू लागते. आपण ती फडक्याने पुसतो आणि निघतो. महिनाभराने तेल चाकापर्यंत ओघळते, मग गॅरेजवर जाऊन सील बदलून घेतो. काही आठवड्यांत पुन्हा तीच रेघ. ग्राहक म्हणतो मिस्त्रीने काम बरोबर केले नाही, मिस्त्री म्हणतो सील डुप्लिकेट निघाली. बहुतेक वेळा दोष सीलच्या शेजारी, पाइपमध्ये असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

प्रस्तुत लेखक कापडाच्या धंद्यातला आहे, मिस्त्री नव्हे. पण आमचा निम्मा माल ज्यांच्या गाडीवरून जातो त्यांची अडचण ती आमचीही अडचण. जाणत्या उस्तादांच्या शेजारी बसून जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे व्यापारी बांधव आणि कारागीर दोघांसाठी मांडले आहे.

शॉकअपच्या आत काय असते

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन पाय असतात, त्यांना इंग्रजीत फोर्क म्हणतात, आपल्याकडे सरसकट शॉकअप म्हणतात. प्रत्येक पायात दोन नळ्या असतात. वरची चकचकीत, क्रोम केलेली पोलादी नळी म्हणजे पाइप. तो वर टी मध्ये पक्का आवळलेला असतो. खालची जाड ॲल्युमिनियमची नळी म्हणजे बॉटम. चाकाचा एक्सल बॉटमला लागतो. खड्डा आला की बॉटम पाइपवर सरकून वर येतो आणि मग परत खाली जातो.

आत एक लांब स्प्रिंग आणि मोजून भरलेले तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी उसळत राहिली असती. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्याला वेळ लागतो, त्यामुळे ही उसळी दाबली जाते. तेलाने दाबले जाणारे असे फोर्क कारखान्यातून निघणाऱ्या मोटारसायकलला प्रथम १९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने बसवले. आज शंभर सीसीच्या साध्या गाडीतही तत्त्व तेच आहे.

सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या मधून तेल बाहेर येऊ नये म्हणून बॉटमच्या तोंडात ऑइल सील बसवलेली असते. ही रबराची कडी असते, आत लोखंडी पत्रा असतो आणि तिचा पातळ ओठ पाइपला सगळीकडून चिकटून राहतो. ओठाभोवती एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती ओठाला पाइपवर दाबून धरते. सीलच्या वर तिला जागेवर ठेवणारी तारेची सर्क्लिप आणि त्याच्याही वर डस्ट सील. डस्ट सीलचे काम तेल अडवण्याचे नाही, बाहेरची धूळ आणि पाणी अडवण्याचे आहे.

आपल्या शहराचा या वस्तूशी जवळचा संबंध आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी येथेच ॲल्युमिनियम कास्टिंगपासून सुरुवात केलेली एंड्युरन्स ही कंपनी आज देशात दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. आपल्या किती घरांतील मुले वाळूजच्या कारखान्यांत कामाला गेली. तरीही जी वस्तू आपल्या शहरात तयार होते, तिची निगा कशी ठेवावी हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. याला एक कारणही आहे. १९९० च्या दशकापर्यंत घरोघर स्कूटर होती. चेतकसारख्या स्कूटरचे पुढचे चाक एका बाजूने धरलेले, त्याचा शॉकअप वेगळा असे. तो खराब झाला की अख्खा बदलत. मोटारसायकल घरोघर आली आणि पाइप, बॉटम, सील ही दुरुस्तीही तिच्याबरोबर आली.

सील खराब का होते

पहिले कारण धूळ. पाइपवर तेलाचा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर नेहमीच असतो आणि तो असायलाच हवा. त्याच्यावर सील घसरते. रस्त्याची धूळ याच थरावर बसते. डस्ट सील जुनी, फाटलेली किंवा जागेवरून उचललेली असेल तर ती धूळ खाली उतरते आणि सीलच्या ओठाखाली शिरते. ओठ तेवढ्या जागी पाइपपासून उचलला जातो आणि तिथून तेल वाट काढते. २०१८ नंतर औरंगाबाद-अजिंठा-जळगाव रस्ता रुंदीकरणासाठी काही वर्षे उकरून ठेवलेला होता. उन्हाळ्यात मुरमाची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. त्या रस्त्याने सिल्लोडकडे रोज ये-जा करणाऱ्यांना या लेखातले बरेचसे अनुभवाने माहीत असेल.

दुसरे कारण गंज. क्रोमचा थर पातळ असतो. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला टिचवतो. पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहिली की टिचलेल्या जागी पाणी आतल्या पोलादापर्यंत पोहोचते आणि टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडतो. त्याची कड कानशीसारखी धारदार असते. प्रत्येक खड्ड्यावर, प्रत्येक ब्रेकवर ती कड सीलच्या ओठावरून जाते.

कापडातल्या बांधवांना हे लगेच कळेल. हातमागाच्या फणीचा एक दात वाकला की ठाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते. विणकर सूत बदलील, पण दात सरळ केल्याशिवाय रेघ जाणार नाही. पाइपवरचा खड्डा तोच वाकलेला दात आहे. नवी सील म्हणजे नवे सूत.

तिसरे कारण वाकलेला पाइप. गाडी पडली, भिंतीला ठोकली, मोठ्या खड्ड्यात आदळली की पाइप किंचित वाकतो. डोळ्यांना तो सरळ दिसतो. पण सरकताना सीलच्या एका बाजूवर जास्त दाब येतो, दुसरीकडे फट राहते. चौथे कारण झिजलेले बुश. ज्या गाड्यांत पाइप आणि बॉटम यांच्यामध्ये बुश असते, ते झिजले की पाइप हलू लागतो. सीलने तेल अडवायचे असते, पाइपला आधार द्यायचा नसतो. बुशचे काम सीलवर आले की ती थोड्याच दिवसांत हरते.

पाचवे कारण वय. रबर कडक होते, ओठाची लवचिकता जाते. महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी चालू केल्यावर गळू लागते ती याच कारणाने. सहावे कारण माणसाच्या हातचे आहे. ‘जास्त तेल म्हणजे जास्त मजबुती’ अशा समजुतीने शॉकअपमध्ये प्रमाणापेक्षा जास्त तेल ओततात. वर हवेला जागा उरत नाही, गाडी दबली की आतला दाब वाढतो आणि सीलवर येतो.

वजनाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मागच्या कॅरिअरवरचा गठ्ठा मुख्यतः मागच्या शॉकअपवर बसतो. पण लेगगार्डला, हँडलला किंवा टाकीवर माल लटकवला की तो पुढच्या पाइपवर येतो. शिवाय भरलेली गाडी ब्रेक मारताच सगळे वजन पुढे ढकलते आणि पाइप शेवटपर्यंत दबतो. लेगगार्डला बांधलेल्या गठ्ठ्याला हे तेल लागले तर त्या कापडाला पुढे सेकंडच्या भावात गिऱ्हाईक शोधावे लागते, हे वेगळे.

नुसता तेलाचा प्रश्न नाही

‘थोडे तेल गळते, चालते’ असे म्हणणाऱ्यांनी तेल कुठे जाते ते पाहावे. पुढे डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकचा कॅलिपर त्याच बॉटमवर बसवलेला असतो. बॉटमवरून ओघळलेले तेल थेट कॅलिपरवर आणि तिथून पॅड व डिस्कवर जाते. पॅडमध्ये एकदा तेल मुरले की पकड राहत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण एबीएसचे काम चाक जाम होऊ न देण्याचे आहे. तेलाने माखलेल्या पॅडला तो पकड देऊ शकत नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक आत झाकलेला असतो, तरी तेल रिमवरून टायरवर जाऊ शकते, आणि तेलकट टायर वळणावर घसरतो.

शिवाय एका पायातले तेल संपले की उसळी दाबणारे काही उरत नाही. खराब रस्त्यावर चाक उड्या मारते. जितका वेळ चाक जमिनीपासून सुटलेले, तितका वेळ ब्रेकही नाही आणि वळणेही नाही.

आमच्याकडून माल नेणारे एक फेरीवाले आहेत. फुलंब्री-सिल्लोड बाजूची गावे करतात. एका पावसाळ्यात त्यांनी डाव्या पायाची सील तीन वेळा बदलून घेतली. तिन्ही वेळा पाइप कोणी नखाने चाचपला नाही. चौथ्यांदा गळती सुरू झाली तेव्हा ‘सणाचा हंगाम होऊ द्या, मग पाहू’ म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. मागे साड्यांचे गठ्ठे घेऊन चौका घाट उतरत असताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. मागच्या ब्रेकवर कशीबशी कडेच्या मातीत घातली. ते वाचले, माल चिखलात गेला. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक काढले आणि पाइपवर, गाडी उभी असताना डस्ट सीलच्या आत दडणाऱ्या जागी, गंजाचे दोन खड्डे दाखवले. तीन सील आणि तीन मजुऱ्या दिल्या होत्या. एवढ्या पैशांत पाइपच्या किमतीचा मोठा हिस्सा निघाला असता.

गळती कशी ओळखावी

पाइप आणि बॉटम स्वच्छ, कोरडे पुसा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर वजन टाकून गाडी दहा-बारा वेळा खालीवर दाबा. आता पाइप पाहा. हलका ओलसरपणा किंवा बोटाला लागेल न लागेल असा थर चालतो. पण पाइपभोवती तेलाची स्पष्ट कडी उमटली, किंवा बॉटमवर ओघळ आला, तर सील गळते आहे.

तेल बॉटमच्या अगदी खालच्या टोकाला असेल आणि वर सगळे कोरडे असेल तर सीलला दोष देऊ नका. तिथे बॉटमच्या बुडाशी एलन बोल्ट असतो आणि त्याखाली तांब्याचा वॉशर. तो वॉशर बसलेला नसेल तर तिथून गळते. डिस्कच्या गाडीत ब्रेकच्या नळीतून गळणारे ब्रेक ऑइलही असू शकते. अशा वेळी हँडलवरच्या डबीतली पातळी उतरलेली दिसते.

मग नखाची परीक्षा. डस्ट सील हळूच वर उचला आणि पाइपवर वरून खाली, चारी बाजूंनी नख फिरवा. कुठे नख अडले, तिथे खडूने खूण करा. गळतीचे खरे कारण बहुधा त्याच खुणेत सापडते.

पहिला उपाय : सील साफ करून पाहा

पाइप गुळगुळीत असेल, गाडी पडलेली नसेल आणि गळती नुकतीच सुरू झाली असेल तर सील बदलण्याची घाई नको. ओठाखाली अडकलेला कचरा काढून पाहावा. यासाठी पातळ, लवचिक पण मोडणार नाही अशी पट्टी लागते. पूर्वी उस्ताद लोक फोटोच्या निगेटिव्हचा तुकडा वापरत. आता निगेटिव्ह मिळत नाही. तयार शर्टाच्या पॅकिंगमध्ये कॉलरला लावलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी त्या कामाला चांगली आहे. कुठल्याही रेडिमेडच्या दुकानात ती कचऱ्यात पडलेली असते.

पट्टीच्या कडेला कात्रीने एक छोटा आकडा कापा. कापलेली कड गुळगुळीत करा. डस्ट सील खाली बॉटमपासून सोडवून पाइपवर वर सरकवा आणि आतली माती पुसून काढा. पट्टीला थोडे तेल लावून ती पाइप आणि सील यांच्यामध्ये घाला, पाइपभोवती हळूहळू पूर्ण फिरवा आणि आकड्याने वर ओढत कचरा बाहेर काढा. दोन-तीन वेळा असे करा, पुसा, गाडी दाबून पाहा. कचरा हेच कारण असेल तर गळती थांबते. पत्रा, ब्लेड किंवा स्क्रू ड्रायव्हर या कामाला कधीही घालू नये. ओठ कापला गेला की मग सील बदलण्याशिवाय इलाज नाही.

पुसण्याच्या फडक्याबद्दल कापडवाल्याचा एक सल्ला. गॅरेजात मागाच्या सुताचा जो गुंता वेस्ट म्हणून येतो, त्याचे तंतू सुटतात. चाकाची घाण पुसायला तो ठीक आहे, पण पाइप आणि सीलची जागा पुसायला नको. सुटलेला एक तंतू ओठाखाली गेला तरी तेलाला वाट मिळते. धुतलेल्या जुन्या बनियनचा किंवा घट्ट विणीच्या पॉपलिनचा तुकडा घ्यावा.

सील बदलताना

साफ करूनही गळत असेल तर सील बदलावी लागेल, आणि ती जाणत्या माणसाकडूनच. आपले तरुण कारागीर हे काम शिकत आहेत, त्यांच्यासाठी क्रम थोडक्यात देत आहे.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनाखाली पक्का आधार द्या, पुढचे चाक अधांतरी हवे. कॅलिपर काढला तर तो नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा, आणि तो बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नका. पाइप टी मध्ये आवळलेला असतानाच वरचे बूच थोडे सैल करून ठेवा, नंतर हाताने धरून ते सुटत नाही. बुडाचा एलन बोल्टही आत स्प्रिंग असतानाच सैल करावा, कारण स्प्रिंगच्या दाबाने आतला भाग फिरत नाही. बूच पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग उसळते.

तेल एका भांड्यात काढा आणि त्याचा रंग पाहा. राखाडी, चमकदार दिसले तर आत धातू झिजतो आहे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. डस्ट सील आणि सर्क्लिप काढा. सर्क्लिप राहून गेली आणि सील ओढली तर बॉटमचे तोंड खराब होते. काही गाड्यांत पाइप झटक्याने ओढला की सील बाहेर येते, काहींत ती उचकटावी लागते. उचकटताना बॉटमच्या कडेवर लाकडाचा तुकडा ठेवा, ॲल्युमिनियम मऊ असते.

आता खरी तपासणी. पाइप पुसून दुकानाच्या काउंटरच्या जाड काचेवर गडगडवा. खालून उजेड कमीजास्त होताना दिसला तर पाइप वाकलेला आहे. नेमके मोजायचे तर लेथवाल्याकडे डायल लावून घ्यावे. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात चालणारा वाकडेपणा ०.२ मि.मी.च्या आसपास दिलेला असतो. बुशवरचा राखाडी थर घासून तांबूस धातू दिसू लागला असेल तर बुश बदला.

खड्डा अगदी बारीक असेल आणि सीलच्या येण्याजाण्याच्या जागेबाहेर असेल तर १००० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, कड मऊ करता येते. सीलच्या वाटेतला खोल खड्डा असेल तर पाइप बदलावा, नाही तर हार्ड क्रोमचे काम करणाऱ्या कारखान्यातून जुना क्रोम काढून, नवा चढवून, योग्य मापाला घासून घ्यावा. नुसत्या चमकेसाठी केलेला साधा क्रोम चालत नाही. वाकलेला पाइप हातोड्याने किंवा गरम करून सरळ करू नये. प्रेसवर सरळ केला तरी क्रोमला भेगा जाण्याचा धोका राहतो.

सील घेताना तिच्यावरचे माप वाचा. तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, मिलिमीटरमध्ये. ‘बसते’ म्हणून जवळच्या मापाची सील ठोकू नये. नवी सील चढवण्यापूर्वी पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, म्हणजे धारदार कडेने ओठ कापला जाणार नाही. ओठाला शॉकअपचेच तेल लावा. स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे म्हणजे खाली, आकडे लिहिलेली बाजू सहसा वर येते. बरोबर मापाच्या नळीने चोहीकडून सारखे ठोकत सरळ बसवा. जुनी सील वर ठेवून ठोकले तर नवीला इजा होत नाही. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली पाहिजे. बुडाला तांब्याचा नवा वॉशर घाला. दोन्ही पायांच्या सील एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे.

तेल अंदाजाने ओतू नये. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक पायाला किती मि.लि. आणि कोणत्या दर्जाचे ते दिलेले असते. तेवढेच, दोन्हीकडे सारखे, मोजपात्राने. इंजिनचे उरलेले तेल घालण्याची सवय सोडावी. ते सहसा जास्त घट्ट असते, शॉकअप जड होतो. तेल घातल्यावर पाइप हळूहळू खालीवर करून हवा काढा.

शेवटी चाक बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. एक्सल हाताने लावल्यावर, बाजूचे बोल्ट आवळण्यापूर्वी गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दाबा. दोन्ही पाय एकमेकांना समांतर होतात. मग आवळा. पाय तिरके आवळले गेले तर नवी सील पुन्हा एका बाजूने झिजते. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, तेल प्यालेले पॅड बदला. वाहन ताब्यात देण्यापूर्वी ब्रेक स्वतः चालवून पाहा.

काढलेले जुने तेल नालीत ओतू नये. शहराची नाली शेवटी खाम नदीलाच मिळते. ते डब्यात साठवून वापरलेले तेल रीतसर घेणाऱ्यांना द्यावे.

महागड्या गाड्यांत उलटे फोर्क असतात, जाड नळी वर आणि चकचकीत पाइप खाली. २०१२ पासून ड्यूकसारख्या गाड्यांमुळे ते आपल्याकडे दिसू लागले. त्यांची सील खाली, चाकाजवळ असते, त्यामुळे गळलेले तेल ब्रेकवर लवकर पोहोचते. त्यांना वेगळी हत्यारे लागतात. ती नसतील तर काम घेऊ नये.

मिस्त्री आणि ग्राहकांचा व्यवहार

या कामात सील ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. मजुरी तिच्याहून जास्त आणि पाइप सर्वांत महाग. म्हणूनच ग्राहक ‘सध्या फक्त सील टाका’ म्हणतो आणि मिस्त्रीही ग्राहक तुटू नये म्हणून गप्प राहतो. दोघांचेही त्यात नुकसान आहे. ग्राहक त्याच कामाची मजुरी पुन्हा देतो. मिस्त्रीला दुसऱ्यांदा फुकट काम करावे लागते, किंवा बदनामी पदरी येते.

कारागीर बांधवांनी पाइप काढल्यावर ग्राहकाला बोलावून खड्डा त्याच्या स्वतःच्या नखाने चाचपायला लावावे. त्याला कळेल. तरीही त्याने नुसती सीलच मागितली तर बिलावर तसे लिहावे, ‘पाइप खराब, ग्राहकास दाखवला’. जुने भाग कागदात बांधून परत द्यावेत. दुकानात आलेली गाडी ही अमानत आहे. जो उस्ताद असे काम करतो त्याच्याकडे ग्राहक वर्षानुवर्षे येतो, हे कापडाच्या धंद्यातही आम्ही पाहत आलो आहोत. व्यापाऱ्यांनीही स्वस्तातला मिस्त्री शोधण्याऐवजी मोजून तेल घालणारा मिस्त्री शोधावा.

रोजची निगा

सकाळी गाडी काढताना मऊ फडक्याने दोन्ही पाइप पुसावेत. अर्धा मिनिट पुरतो. चिखलातून आल्यावर तो वाळण्यापूर्वी पाण्याने धुवावा. वाळलेला चिखल सीलच्या तोंडाशी दगडासारखा बसतो. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याची धार सीलवर मारू देऊ नये. त्याने माती उलट आत ढकलली जाते. पाइपवर रॉकेल, डिझेल लावून चमकवण्याचा प्रकारही रबराच्या जिवावर येतो.

ज्या गाड्यांना पाइपवर रबरी बूट आहेत त्या धुळीपासून बऱ्यापैकी वाचतात. मात्र पावसाळ्यात महिन्यातून एकदा बूट वर करून पाहावे. फाटलेल्या बुटात पाणी साचते आणि झाकलेल्या पाइपला गंज चढतो, तो कोणाला दिसत नाही. बूट नसतील आणि रोजचा रस्ता धुळीचा असेल, तर आपल्या गाडीला बसणारे बूट लावून घ्यायला हरकत नाही.

माल मागे, मधोमध आणि घट्ट बांधावा. गठ्ठ्याची सुतळी किंवा गोणपाट पाइपला घासणार नाही हे पाहावे. हँडलला पिशव्या लटकवू नयेत. भरलेल्या गाडीने औट्रम घाट किंवा चौका घाट उतरताना आधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत. गतिरोधकावर चढण्यापूर्वी ब्रेक सोडावा, दबलेल्या शॉकअपवर आणखी आदळ बसू नये. शॉकअपचे तेल कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला, गळत नसले तरी बदलावे. जुन्या तेलातला बारीक धातूचा चुरा सील आणि बुश आतून घासत असतो.

व्यापारी बांधवांनी महिन्याचा उधारीचा हिशेब ज्या दिवशी करायचा, त्याच दिवशी पाच मिनिटे गाडीलाही द्यावीत. पाइप पुसा, गाडी दाबा, कडी उमटते का पाहा, नख फिरवा. ओल दिसली तर आधी पट्टीने साफ करा. तरी थांबली नाही तर लांबच्या गावाची फेरी पुढे ढकला आणि मिस्त्रीकडे जा. डिस्कवर तेल पोहोचलेले दिसले तर गाडी तिथेच उभी करा, माल रिक्षाने पाठवा. आणि सील बदलायला सांगण्यापूर्वी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, ‘पाइप कसा आहे?’